दोन भोकं, एक सळई: कानाच्या कूर्चेचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या भाचीचं आहे. तिच्या आणि ताईच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवलाय. मी हॉस्पिटलात नोकरी करते, पण बिलांच्या खात्यात. तरी घरात कुणाला काही दुखलं-खुपलं की पहिला फोन मला येतो, आणि मीही तो घेते. या प्रकरणात त्याचा संबंध पुढे येईलच.

पार्श्वभूमी

भाची तेव्हा १६ वर्षांची होती. कानाच्या पाळ्या आधीच टोचलेल्या होत्या, त्यावरून कधी वाद झाला नव्हता. तिला हवं होतं ते इंडस्ट्रिअल. म्हणजे कानाच्या वरच्या भागात दोन भोकं, एक चेहऱ्याच्या बाजूच्या कडेला आणि दुसरं मागच्या कडेला, आणि दोन्हींतून तिरपी जाणारी एकच सरळ सळई. पिअर्सिंगवाले तिला बार म्हणतात. दोन भोकं एका रेषेत आली नाहीत तर बार दोन्हीकडून ताणत राहतो, आणि एक जखम बिघडली की दुसरीलाही ओढतो.

पाळी आणि वरचा कान यांत जो फरक आहे तो आम्हा कुणालाच नीट माहीत नव्हता. पाळी म्हणजे कातडी आणि चरबी. तिथे रक्त भरपूर पोचतं आणि ६ ते ८ आठवड्यांत भोक भरून येतं. वरचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ, लवचीक हाडासारख्या थराचा. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला चिकटून एक पातळ आवरण असतं, त्यातून पाझरेल तेवढ्यावर ती जगते. आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साचला की तिचं पोषण तुटतं, आणि एकदा मेलेली कूर्चा परत उगवत नाही. म्हणून इथली साधी, न बिघडलेली जखमही पूर्ण भरायला ६ महिने ते वर्ष घेते.

अडचण

वरवर अडचण एवढीच होती की मुलीला हवंय आणि आईला नकोय. हे आठ महिने चाललं. ताईचं म्हणणं, १८ची हो, मग काय ते कर. भाचीचं म्हणणं, कान माझा आहे. भाऊजींचं म्हणणं, तुझ्या आईला विचार. ताईची कारणं दर आठवड्याला बदलत. कधी जंतुसंसर्ग, कधी लोक काय म्हणतील, कधी अभ्यास. मला विचाराल तर तिला बारचा राग नव्हताच. मुलीने ठरवून झाल्यावर विचारलं, याचा राग होता. भाचीलाही ते कळत असावं, कारण ती कारणांना उत्तरंच देत नसे.

या आठ महिन्यांत एक गोष्ट कुणीच बोललं नाही. टोचलंच तर पहिले तीन महिने रोज कोण बघणार, दुखलं तर कुणाला सांगायचं, सांगितल्यावर आरडाओरडा होणार की नाही. सगळी ताकद 'हो की नाही' यातच खर्च झाली.

समोर असलेले पर्याय

शेवटी मी मध्ये पडले आणि आम्ही तिघी एका संध्याकाळी बसलो. थांबणं हा पर्याय होताच. न टोचता नुसती कडेला अडकवायची कडी, म्हणजे इअर कफ, हाही होता, पण भाचीने तो ऐकूनच तोंड वाकडं केलं. तिसरा पर्याय, कडेला एकच भोक, म्हणजे हेलिक्स. चौथा, दोन भोकं वेगवेगळी टोचून दोन छोटे स्टड घालायचे, वर्षभर भरू द्यायचे आणि मग जमलं तर एका बारने जोडायचे. पाचवा, एका बैठकीत थेट इंडस्ट्रिअल.

त्या संध्याकाळी आम्ही बरंच वाचलं. पाळी टोचायला वापरतात ती गन कूर्चेला चालत नाही. तिच्यातला स्टड बोथट असतो, तो कूर्चा कापत नाही, चेपत-फाडत जातो, आणि गनचा प्लॅस्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाही. पिअर्सिंगवाल्यांची असोसिएशन ऑफ प्रोफेशनल पिअर्सर्स ही १९९४ साली सुरू झालेली संस्था गनला विरोधच करते. त्यांची पद्धत म्हणजे एकदाच वापरायची निर्जंतुक पोकळ सुई. धातू शरीरात बसवायला चालेल असा टायटॅनिअम, त्याचं मानक एएसटीएम एफ १३६. 'सर्जिकल स्टील' हे नाव भारदस्त वाटतं, पण त्यातल्या ३१६ एल या नेहमीच्या प्रकारात १० टक्क्यांहून जास्त निकेल असतं, आणि निकेलची अनेकांना अॅलर्जी असते. ते बाहेर किती झिरपतं त्यावर सगळं अवलंबून. युरोपीय संघाने टोचलेल्या भोकात घालायच्या दागिन्यांसाठी दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा घातलीय. ताईने तो आकडा वहीत लिहून घेतला. विरोध करता करता ती अभ्यास करायला लागली होती, आणि मला वाटतं तिथेच तिने मनातल्या मनात होकार दिला.

ठरलं असं: इंडस्ट्रिअल, सुईने, टायटॅनिअमचा बार, ताई सोबत जाणार.

पहिला निर्णय: नकार ऐकल्यावर

जिथे गेलो तिथल्या बाईंनी वीसेक मिनिटं नुसता कान बघितला. पेनाने ठिपके काढले, पुसले, पुन्हा काढले. मग म्हणाल्या, हा कान या बारचा नाही. कानाच्या आत कडेला समांतर जो उंचवटा असतो तो हिच्या कानात वर आलेला आहे. सरळ बार त्यावर टेकेल, दिवसरात्र घासेल. वर कडेची घडीही उथळ, भोक धरून ठेवायला पुरेशी पकड नाही. त्यांनी चौथा पर्याय सुचवला. त्यातही वर्षानंतर बार बसेलच असं सांगत नाही म्हणाल्या.

पैसे मिळत असताना न टोचता परत पाठवणारा माणूस विश्वासाचा असतो, हे मला तेव्हाही कळलं. पण घरी परतताना गाडीत जे झालं ते बघा. ताई म्हणाली, "बघ, त्यांनीच नको सांगितलं." तिच्या आवाजात सुटका होती आणि ती लपली नाही. भाची खिडकीबाहेर बघत होती. मी रेडिओ लावला.

या प्रकरणातली पहिली चूक ही, आणि ती मोठ्यांची. बाईंनी 'हे नको, ते चालेल' असं सांगितलं होतं. गाडीत त्याचं नुसतं 'नको' झालं. दोन स्टडचा पर्याय त्याच आठवड्यात घेतला असता तर भाचीच्या हातात काहीतरी पडलं असतं. आम्ही विषय मिटला असं धरून चाललो. तिच्या दृष्टीने आठ महिने भांडून मिळवलेला होकार एका दुपारी परत गेला होता.

दुसरा निर्णय: दुसरीकडे जाणं

तीन आठवड्यांनी ती मैत्रिणीबरोबर दुसरीकडे गेली. वय विचारलं नाही, बरोबर कोण आहे विचारलं नाही. खरं ते सांगायचं तर सुई वापरली, हातमोजेही घातले. पण कान बघितला तो दोन मिनिटं. स्टीलचा सरळ बार एका बैठकीत घातला, आणि घरी गेल्यावर काळजी कशी घ्यायची ते तोंडी सांगितलं, तेही ती कपडे सावरत असताना.

घरी तिने केस मोकळे सोडायला सुरुवात केली. पहिले दोन आठवडे सूज होती, तेवढी अपेक्षितच. सुजेला जागा मिळावी म्हणून सुरुवातीचा बार मुद्दाम लांब घालतात आणि सूज उतरल्यावर, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, परत जाऊन तो आखूड करून घ्यायचा असतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलेलं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. लांब बार केसांत अडके, टॉवेलात अडके, हेडफोनच्या पट्ट्याखाली दबे. त्या कुशीवर झोपायचं नाही हे तिला माहीत होतं, पण झोपेत कुठे लक्षात राहतं.

पाचव्या आठवड्यात पुढच्या भोकाशेजारी लाल फुगोटी आली. आता ही फुगोटी आईला दाखवायची म्हणजे सगळंच सांगायचं. म्हणून तिने व्हिडिओ बघितले. बार रोज फिरवत राहा, म्हणून फिरवला. हायड्रोजन पेरॉक्साइड लावा, म्हणून लावलं. टी ट्री तेल लावलं. अॅस्पिरिनची गोळी कुटून तिचा लेप लावला. यातलं एकेक जखमेच्या मुळावर येणारं. फिरवलं की नवी धरलेली कातडी सुटते, पेरॉक्साइडने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात, तेल आणि लेप कातडी भाजतात. करायचं होतं ते यापेक्षा फारच नीरस: ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक सलाइन दिवसातून दोनदा, आणि बाकी वेळ हात न लावणं.

तिला सगळ्यात भीती होती केलॉइडची, म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणाऱ्या जाड व्रणाची, कारण व्हिडिओंत प्रत्येक फुगोटीला केलॉइडच म्हणतात. केलॉइड सहसा काही महिन्यांनी उगवतो, जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो आणि वाढत राहतो. पहिल्या काही आठवड्यांत भोकाला लगटून येते ती बहुतेक वेळा चिडलेल्या जखमेची गाठ. कारण काढलं की ती हळूहळू बसते. इथलं कारण लांब बार आणि चुकीचा कोन. पहिल्या बाईंकडे ती त्या दिवशी गेली असती तर कदाचित त्यांनी बार बदलून किंवा काढून प्रकरण तिथेच थांबवलं असतं. ती गेली नाही कारण त्यांनी नको म्हटलेलंच तिने केलं होतं.

तिसरा निर्णय: माझा

सातव्या आठवड्यात एका शुक्रवारी रात्री अकरा वाजता मला फोटो आला. खाली लिहिलं होतं, "मावशी, आईला सांगू नकोस." मधल्या काळात ती पोहायलाही जात होती, ते नंतर कळलं.

फोटोत कानाचा वरचा अर्धा भाग लाल, चकचकीत, आतल्या घड्या सुजेने भरून गेलेल्या. पाळी मात्र अगदी नेहमीसारखी. हा फोटो मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते, कारण निदान त्यातच होतं. पाळीत कूर्चा नसते. वरचा कान लाल आणि पाळी स्वच्छ, याचा अर्थ सूज कातडीपुरती नाही, कूर्चेच्या आवरणात आहे. त्याला पेरिकॉन्ड्रायटिस म्हणतात आणि त्याला सकाळपर्यंत थांबवायचं नसतं.

मी उत्तर दिलं, "सलाइनने पूस, उद्या बघू." आणि नाही सांगणार म्हणून शब्दही दिला.

शनिवार गेला. मी दोनदा विचारलं, दोनदा तिने 'तसंच आहे' म्हटलं. रविवारी सकाळी तिला ताप भरला तेव्हा मी ताईला फोन केला. सुमारे ३६ तास गेले होते. मुलीचा विश्वास राखायचा म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. त्यात थोडं खरं आहे. उरलेलं असं की घरात मी 'दवाखान्यातली' आहे, आणि मला कळत नाही हे म्हणायला जड गेलं. 'आईला मी सांगते, ओरडा मी खाते, पण आत्ता निघ' हे एक वाक्य पुरलं असतं.

पुढे काय केलं

रविवारी जवळच्या डॉक्टरांनी तपासून अॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडची गोळी दिली आणि दोन दिवसांनी बोलावलं. कातडीच्या नेहमीच्या संसर्गाला ती चालते. पण वरच्या कानाच्या पिअर्सिंगनंतर होणाऱ्या संसर्गात अनेकदा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू असतो. तो ओलाव्यात, पाण्यात राहतो आणि या गोळीला मुळीच दाद देत नाही. टोचलेल्याचं त्यांना सांगितलं होतं, पोहण्याचं सांगायचं राहिलं. बुधवारपर्यंत कान डोक्यापासून लांब, पुढे ढकललेला दिसू लागला.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी बोट टेकवून पू कुठे आहे ते बघितलं आणि त्याच दिवशी चिरा देऊन तो काढला. बार काढायचा की ठेवायचा यावर दोन मतं असतात. पिअर्सिंगवाले सांगतात, काढू नका, भोक बुजून पू आत कोंडेल. साध्या वरवरच्या संसर्गात त्यात तथ्य आहे. इथे पू चिऱ्यातून निघणारच होता आणि धातूवर जंतू ठाण मांडून बसलेले, त्यामुळे बार निघाला. आवरण पुन्हा कूर्चेला चिकटावं म्हणून वर दाबाची पट्टी बांधली. तपासणीत स्यूडोमोनासच आला.

औषध सिप्रोफ्लॉक्सासिन. १८ वर्षांखालच्यांना हे सहज देत नाहीत, कारण लहान प्राण्यांवरच्या प्रयोगांत सांध्यांच्या कूर्चेला इजा झालेली आढळली आहे. कानाची कूर्चा वाचवायला कूर्चेवरच शंका असलेलं औषध, हे ऐकून ताई उठून उभीच राहिली. डॉक्टरांनी तिला बसवून हिशेब समजावला: धोका आहे तो लहान आणि शक्यतेतला, समोरचा कान मात्र आज जातोय. दोन आठवडे गोळ्या झाल्या. सांध्यांचं काही दुखणं आलं नाही.

असाच क्रम अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात २००० साली घडला होता, हे मी नंतर वाचलं. दागिन्यांच्या एका छोट्या स्टॉलवर वरचा कान टोचून घेतलेल्यांपैकी ७ जणांना स्यूडोमोनासचा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं, आणखी १८ जणांबद्दल संशय होता. सिद्ध झालेले सगळे १० ते १९ वर्षांचे. जंतू सापडला तो जंतुनाशकाच्या फवारणीच्या बाटलीत. त्यातल्या बहुतेकांनाही आधी या जंतूवर न चालणारं औषध मिळालं होतं, आणि चौघांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. भाचीच्या बाबतीत जंतू टोचताना आला की पोहण्याच्या तलावातून, हे ठरवता आलेलं नाही. ताई दुकानाला दोष देते, भाची तलावाला.

वेगळं काय करता आलं असतं

इंडस्ट्रिअलला हो म्हणायला नको होतं, असं मला वाटत नाही. कान न बघता हो म्हणायला नको होतं. आठ महिन्यांच्या वादाआधीच भाचीला त्या बाईंकडे नुसता कान दाखवायला नेलं असतं तर 'तुझ्या कानाला काय बसेल' इथून बोलणं सुरू झालं असतं, आणि त्या बोलण्यात आईची हार-जीत नसती.

दुसरं, परवानगी देताना ताईने अटी घातल्या त्या सगळ्या टोचेपर्यंतच्या होत्या. धातू कोणता, सुई की गन, कोण सोबत. नंतरची एकही नाही. पोहणं निदान सुरुवातीचे काही आठवडे बंद, आठव्या आठवड्याला बार आखूड करायला परत जाणं, आणि गरम लागलं, ठणकलं किंवा पाळी सोडून वरचा कान लाल झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. ही यादी फ्रीजवर लावण्याइतकी छोटी आहे.

तिसरं अवघड आहे. ती न सांगता दुसरीकडे गेली, हे घडून गेल्यावरही तिला सांगायला एक दार उघडं हवं होतं. ते माझं होतं, आणि तिने ते वाजवलंही. मी उघडलं आणि उंबऱ्यातच उभी ठेवली.

परिणाम

दीड वर्ष झालं. कानाच्या वरच्या कडेचा सेंटिमीटरभर भाग आत दुमडल्यासारखा झालाय. समोरून दिसत नाही, केस बांधले की बाजूने दिसतो. पुढचं भोक बुजलं, मागच्याच्या जागी कडक खूण आहे. बरगडीची कूर्चा वापरून कड नीट करता येते असं डॉक्टरांनी सांगितलंय. भाचीला सध्या त्यात रस नाही. मध्यंतरी ती पहिल्या बाईंकडे जाऊन आली, या वेळी ताईला घेऊन. दुसऱ्या कानाला एक हेलिक्स करायचं का विचारायला. बाईंनी खूण बघितली, परीक्षा आणि पोहणं संपल्यावर या म्हणाल्या. दोघी निमूट परत आल्या.

हे लिहून झाल्यावर मी भाचीला वाचायला दिलं. तिने एकच दुरुस्ती मागितली. आधी मी 'तिने सात आठवडे कान लपवला' असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "मी केस सोडले होते गं मावशी. तिसऱ्या आठवड्यात तू जेवायला आलीस, माझ्या शेजारी बसलीस, आणि म्हणालीस केस छान दिसतात." ते वाक्य मी काढलंय.